काचताईने खोडलेलं नाव

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळे तिला काचताई म्हणायचे. सोळा वर्षं ती तिथे सहायक होती. मुलांनी फोडलेल्या काचपट्ट्या वेचायच्या, नव्या पुसून डब्यात लावायच्या आणि परागकणांच्या स्लाइड बनवायच्या, हे तिचं काम. स्लाइड तिने करायची, बघायची इतरांनी. नोकरी सांभाळून ती एमएस्सी झाली, पीएचडीची पात्रता परीक्षाही पास झाली, पण ही बातमी तिने घरी दोन महिने सांगितलीच नाही. कारण काचताई भित्री होती. साधीसुधी नाही, नावाजलेली भित्री. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची, आणि अवेळी फोन वाजला की आधी ‘कोण गेलं?’ असं विचारायची.

तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे परागकण शाबूत राहतात. त्यांवरून त्या काळी काठावर कोणती झाडं होती ते सांगता येतं. काचताईला यावरच काम करायचं होतं. अर्जांच्या मुदतीला सात आठवडे उरले होते. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तिने पाच विद्यापीठांची नावं लिहिली.

“पाच कशाला?” नवरा म्हणाला. तो बस डेपोत मेकॅनिक होता, सरळ बोलणारा. “सगळ्यात मोठं असेल तिथे एक ठोकून दे.”

सगळ्यात मोठं म्हणजे पहिलं नाव. तिथे ते प्राध्यापक होते, ज्यांना सारा विभाग ‘मोठे सर’ म्हणायचा. त्यांचं पुस्तक प्रयोगशाळेत वापरून वापरून सुटं झालं होतं. काचताईनेच ते दोनदा शिवलं होतं. तिने भीत भीत त्यांना ईमेल लिहिला. तासाभरात उत्तर आलं: ‘अवश्य या. तुमच्यासारख्या तयार हातांची मला गरज आहे.’

विभागप्रमुख खूश झाले. ते स्वतः मोठ्या सरांचे विद्यार्थी. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. “काचताई, नशीब काढलंत! मी आजच सरांना फोन करून तुमची खात्री देतो.”

काचताई हसली, पण तो ‘हातांची’ शब्द तिला कुसळासारखा टोचत राहिला. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिने त्या विद्यापीठाच्या पीएचडी विद्यार्थ्यांची जुनी यादी उघडली. बारा वर्षांत मोठ्या सरांकडे अकरा जण दाखल झाले होते. प्रबंध चौघांचेच होते. मग बाकीचे सात कुठे गेले? शोधता शोधता त्यांतल्या एका बाईंचा नंबर मिळाला. त्या आता एका शाळेत शिकवत होत्या. तिने फोन लावला आणि का केलाय ते सांगितलं.

“कुठून बोलताय तुम्ही?” बाईंनी हळूच विचारलं.

“कॉलेजातून. प्रयोगशाळेत आहे.”

“शेजारी कोणी आहे?”

“नाही.”

“बघा एकदा.”

काचताईने खरोखर उठून कॉरिडॉरमध्ये डोकावलं.

“सहा वर्षं मी स्लाइड केल्या,” बाई म्हणाल्या. “माझ्या नव्हे, त्यांच्या. प्रबंधाचं प्रकरण लिहून दिलं की त्यांच्या टेबलावर धूळ खात पडायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, तुझी शिष्यवृत्ती माझ्या सहीवर चालते. त्याच आठवड्यात सगळ्यांदेखत माझी स्लाइडची पेटी उपडी केली. दोनशे होत्या. मी गोळा करत होते आणि ते वरून लेक्चर देत होते.” मग आवाज आणखी खाली गेला. “माझं नाव कुठे काढू नका हं. मला अजून वाटतं, त्यांचा फोन येईल.”

फोन ठेवल्यावर काचताईने उघडलेली यादी बंद केली.

घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “एका बाईचं ऐकून? तिला जमलं नसेल. आणि तुझं काय सांगावं, तू लिफ्टलासुद्धा घाबरतेस.”

जन्मभर आपण सावलीला भ्यालो. हीही तसलीच सावली असेल तर? हातचं सोनं टाकून द्यायचं? जेवताना नववीतली मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, “आई, लिफ्टमधून उतरलेल्या कोणी तुला कधी सांगितलं का, की आत जाऊ नकोस म्हणून?”

“नाही.”

“मग ही भीती ती नाही.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून काचताई चार तासांच्या बस प्रवासाला निघाली, यादीतलं पाचवं नाव बघायला. विभाग कसला, गोदामामागच्या तीन खोल्या होत्या. गाइड म्हणजे पन्नाशी उलटलेल्या, अंगठ्याला पट्टी बांधलेल्या एक बाई. काचताई दारात पोचली तेव्हा एक विद्यार्थिनी त्यांना तावातावाने सांगत होती, “बाई, तुमचं चुकतंय. हा थर वरचा आहे.”

आता काय होणार म्हणून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाईंनी मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं, स्लाइड सरकवली, पुन्हा पाहिलं.

“हो गं. चुकलंच माझं.”

एवढंच. विद्यार्थिनी वही घेऊन निघूनही गेली. मग बाईंनी काचताईला बसवलं आणि तीन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिने दिलं, दुसऱ्याचं अर्धं दिलं. तिसऱ्याला ती म्हणाली, “मला येत नाही.”

“मलाही येत नाही, शोधायचंय,” बाई म्हणाल्या. “आणि आधीच सांगते, इथे मायक्रोस्कोप दोनच आहेत, शिष्यवृत्ती एकच आहे आणि मी सहा वर्षांत निवृत्त होणार. विचार करून या.”

परतीच्या बसमध्ये काचताईने वही काढली आणि पहिलं नाव खोडलं. रेघ घसरून दुसऱ्या नावावर गेली. ते तिला पुन्हा लिहावं लागलं.

खरी कसोटी पुढेच होती. उरलेल्या चार अर्जांना विभागप्रमुखांचं शिफारसपत्र लागत होतं. त्यांच्या दारापर्यंत ती दोनदा जाऊन परत आली. तिसऱ्यांदा आत गेली आणि मोठ्या सरांकडे अर्ज करणार नाही, असं सांगितलं.

“मी सरांना शब्द दिलाय,” त्यांचा चेहरा लाल झाला. “माझी मान खाली घालायला लावताय? वर माझंच पत्र हवंय?”

‘चुकलं’ म्हणून बाहेर पडावं, असं मनात आलंही. पण तोंडातून भलतंच निघालं. “सर, तुम्ही स्वतः तिथे पाच वर्षं होतात. तुमच्या मुलीला पाठवाल?”

बोलून गेल्यावर तिला वाटलं, संपलं, नोकरीही गेली. विभागप्रमुखांनी हात पुढे केला, चारही फॉर्म ओढून घेतले आणि एकेकावर लिहायला लागले. पत्रं चांगली होती. त्यानंतर निघेपर्यंतचे चार महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्यांनी प्रतीक्षायादीत टाकलं. गोदामामागच्या विभागात मुलाखतीला पाच जण समोर होते. काचताईने आधी पाणी मागून घेतलं, मग ती पाऊण तास बोलली. तिची निवड झाली. बिनपगारी रजा मंजूर झाली, आठवड्याचे पाच दिवस तिथे राहायला एक खोली ठरली.

निघायच्या सकाळी नवरा बसमध्ये बॅग चढवायला आला.

“भीती वाटतेय?”

“खूप.”

“मग राहू दे का?”

काचताईने तिकीट पर्समध्ये नीट ठेवलं. “अहो, ही खिडकी लागत नाहीये, बघा जरा.”

त्याने मुठीने दोन ठिकाणी ठोकलं, खिडकी सरकवून दिली आणि खाली उतरला.