उष्टी हळद आणि तिसरा गिअर

शेजारच्या तात्यांच्या ट्रकच्या केबिनमध्ये नुसतं बसायला कधी मिळालं नाही. बूड टेकतं न टेकतं तोच ते बसणाऱ्याचा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवत. "जरा धरा ओ. सोडू नका." मग बसणारा कांद्याचा व्यापारी असो, भटजी असो नाहीतर पोलीस.

गाडीचा तिसरा गिअर निसटायचा, हे त्याचं कारण. चढावर तात्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगला लागत, आणि दांडा मोकळा राहिला की खाडकन जागा सोडायचा. गिअरबॉक्स उतरवून घ्या, असं द्वारका नाक्यावरचे मिस्त्री सांगून थकले. तात्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आता या वयात म्हातारीचं पोट फाडू व्हय?" ही म्हातारी लासलगावहून कांदा आणून आमच्या गल्लीत उभी राहायची. तिच्या रेडिएटरखाली कायम पाण्याचं थारोळं. गल्लीतली कुत्री तिथंच पाणी प्यायची.

अशा गाडीतून माझ्या लग्नाचं वऱ्हाड निघालं! त्या काळी वऱ्हाडं ट्रकमधूनच जात, आणि शेजारचा ट्रक सोडून दुसरा कोण बघतो? मुलगी इगतपुरीकडची, मुहूर्त गोरज. सकाळी मला हळद लागली. उरलेली उष्टी हळद नवरीसाठी वाटीत घेऊन आत्या मागे बसली. ती लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी मुंडावळ्या बांधून केबिनमध्ये बसलो, तर तात्यांनी माझाही हात दांड्यावर ठेवला.

"नवरदेव मांडवात. हितं जरा धरा ओ."

वाडीवऱ्हे मागे पडलं आणि बॉनेटमधून वाफ उसळली. वैशाखातलं ऊन, जवळपास पाण्याचा थेंब नाही. वऱ्हाडाच्या पिण्याच्या पाण्याचा अर्धं पिंप रेडिएटरमध्ये ओतलं, ते खालून जसंच्या तसं बाहेर आलं.

तात्या गाडीखालून सरपटत बाहेर आले. "भोक पडलंय. हळद टाकली की बुजतं. हाय का कोणाकडं?"

सगळ्या वऱ्हाडाने आत्याकडे पाहिलं. तिने वाटी पदराखाली घेतली. "मेल्या, नवरीची हळद आहे ही!"

"आक्का, हळद नाय पोचली तर बायका बोलतील. हा नाय पोचला तर पोरीनं काय करायचं?"

ऊन कलायला लागलं होतं. तिकडे मांडवात नवरी वाट पाहत बसली असेल. शेवटी आत्याने डोळे मिटून वाटी पुढे केली. तिला वाटलं, चिमूटभर घेतील. तात्यांनी वाटी विसळून ओतली, वर उरलेलं पिंपही रिकामं केलं.

गळती थांबली. पुढचे सगळे चढ मी दोन्ही हातांनी तेलकट दांडा धरून चढलो.

मांडवाच्या दारातच मुलीच्या काकूने विचारलं, "उष्टी हळद कुठंय?"

आत्या रडवेली झाली. तात्यांनी तिच्या हातातली वाटी घेतली, गाडीखाली जाऊन रेडिएटरची तोटी सोडली आणि पिवळं, वाफाळतं पाणी घेऊन आले.

"घ्या. नवरदेवाची बी उष्टी, माझ्या म्हातारीची बी उष्टी. पातळ झालीय, पर अस्सल हाय."

काकूने वाटीकडे पाहिलं, मग माझ्या काळ्याकुट्ट तळहातांकडे पाहिलं, आणि ती जी हसत सुटली ती हसतच आत गेली. लग्न वेळेवर लागलं. आठवडाभर अंगाला गंजलेल्या लोखंडाचा वास येत होता, असं बायको अजून ऐकवते. पण दर वैशाखात तात्यांकडे पुरणपोळीचं ताट तीच न चुकता पाठवायची.

तात्या गेले तेव्हा म्हातारी कधीच भंगारात गेली होती. मुलाच्या नव्या ट्रकमधून त्यांना नदीवर नेलं. मी केबिनमध्ये बसलो. गाडीने तिसरा गिअर घेतला आणि माझा हात आपोआप दांड्यावर गेला.

"काका, हिचा गेर सटकत नाय," मुलगा हळूच म्हणाला. "सोडा."

मला सोडवेना. नदी येईपर्यंत मी तो तसाच धरून बसलो.