बेगडाचा मुकुट

नाटक सुरू झालं की संपतभाऊ कधी बसले नाहीत. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, आणि त्यांतल्या राजांचे मुकुट ब्रह्मपुरीतले आमचे हे शेजारी करायचे. पडदा वर गेला की स्वारी थेट मांडवाच्या शेवटच्या ओळीमागे. तिथून मुकुट उठून दिसला नाही, तर घरी आणून त्याचा वर्ख सोलून नव्याने लावायचे. "या मानसाच्या पायाले भिंगरी हाय," त्यांची बायको म्हणायची.

पुठ्ठ्यावर चिकटवायचा तो पातळ, चकचकीत वर्ख म्हणजे बेगड. लावण्याआधी भाऊ तो मुठीत चुरगाळायचे आणि अंगठ्याने हलकेच उलगडायचे. बघणाऱ्याचा जीव हळहळायचा. "सपाट बेगड एकाच बाजूले उजेड फेकते," ते म्हणायचे. "चुरगाळला का चहूकडं लुकलुकते. मांगं बसनाऱ्या बाईनं काऊन अंधारात राहावं?"

एकदा कुणाच्या लग्नाचा थाट पाहून मी म्हणाले, "सगळं बेगडी!" भाऊ तिथल्या तिथे उसळले. "बाई, बेगड कधी म्हनते का, मी सोनं हाओ म्हून? म्हननारा मानूस खोटा!" हा शब्द आला कुठून, विचारलं तर फेऱ्या मारतच बोलले. तेलंगणाच्या सीमेवर सिरोंचाला ज्या कारागिराकडे शिकले, तो तेलुगूतही बेगडच म्हणायचा. "इकडून गेला का तिकडून आला, कोन सांगावं? गोदावरीवर पूल नव्हता, तवाच शबद पार झाला."

पुढे काचबिंदूने त्यांची नजर नेली. तरी गेल्या हिवाळ्यात त्यांनी चाचपून-चाचपून एक मुकुट केला आणि नाटक कंपनीला पाठवला. जेवण गोड लागेना, एकच घोर: शेवटच्या ओळीतून दिसेल का? पाहायला डोळे हवेत म्हणून नाटकाला मला सोबत नेलं.

राजा रंगमंचावर आला. डोक्यावर बाजारचा प्लॅस्टिकचा मुकुट! मला कंपनीवाल्याचा असा संताप आला. शेजारी भाऊ पाय बदलत उभे.

"सांगा नं बाई, कसा दिसून राह्यला?"

"झकास," मी म्हणाले. "एकसारखा चमकतोय."

"एकसारखा? थो हालते तवा बी?"

"हो, भाऊ."

भाऊंचे पाय थांबले. "मंग थो माहा नाई."

भाऊंनी हाताने चाचपून सतरंजी शोधली आणि खाली बसले. नाटक संपेपर्यंत उठले नाहीत.