मागचं डावं चाक

गफूरचाचांचं गॅरेज मी एका कमेंटने बंद पाडलं.

काल चाचा गेले. चिंचवडच्या घरीच, दुपारच्या झोपेत.

सगळे त्यांच्या हाताच्या गुणाबद्दल लिहितायत. ते खरंच आहे. पण माझ्याकडे लिहायला दुसरं काहीतरी आहे, आणि ते लिहायची इच्छा नाही, म्हणूनच लिहितेय.

आमच्याकडे वडिलांची काळी गाडी आहे. पन्नासच्या दशकातली. माझ्याहून वयाने मोठी आणि स्वभावाने बरी.

वडील तेव्हा पिंपरीत एका कारखान्यात नवे नवे लागलेले. आजूबाजूला ज्वारी, मधून मुंबईचा रस्ता. त्या रस्त्याकडेला लिंबाखाली विशीतले गफूर पाने-जॅक मांडून बसायचे. घाट चढून आलेला ट्रक वळणावर दिसायच्या आधीच म्हणायचे, "पुढचं उजवं. बेअरिंग गेलं."

ट्रक थांबायचा. चाक खोलायचं.

पुढचं उजवंच.

ड्रायव्हर लोकांनी नाव पाडलं, कानवाला गफूर. पुढे गॅरेज झालं, पाटी झाली, पण माणसं कानाच्या भरवशावरच येत राहिली. आमची गाडी त्यातलीच.

काही वर्षांपूर्वी ती घुमायला लागली. चाळीसच्या पुढे काटा गेला की घूंऽऽ. वाकडच्या एका चकाचक गॅरेजने पुढची दोन्ही बेअरिंग बदलली, व्हील बॅलन्सिंग केलं, मला कॉफी पाजली.

आवाज तसाच.

मग गेले चाचांकडे. "चाचा, पुढून उजवीकडून येतोय आवाज."

"उजवीकडं वळताना वाढतो का?"

"हो."

"मंग उजव्याला कशाला बदनाम करता बेबीताई? वळताना भार डाव्या अंगाला पडतो."

पन्नाशीच्या बाईला बेबीताई म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला होता.

त्यांनी गाडी जॅकवर घेतली. मुलगा रफिक चाक हाताने फिरवू लागला. चाचांनी हातोडी उलटी धरली, लोखंड अ‍ॅक्सलला टेकवलं आणि लाकडी दांड्याचं टोक दातांत धरलं. डोळे मिटले. पुढची दोन्ही चाकं झाली, मागचं उजवं झालं, मग मागच्या डाव्याशी येऊन थांबले.

"हेच."

मी हसले. म्हटलं, "हे काय नवीन?"

चाचांनी रफिकला चहा आणायला पाठवलं. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "कान गेले माझे. चार साल झाले. रफिकबिगर कुनाला ठाव न्हाई. तुमची ओठं बघून बोलतोय मी. लाकूड दातांत धरलं की हाडातनं समजतं सगळं. पन कुनाला सांगू नका. आवाजाची गाडी बहिऱ्याकडं कोन आनंल?"

"माझ्या पोटात राहील, चाचा."

पोटात राहिलं. बोटांत राहिलं नाही.

चाचांनी त्या चाकाचं बेअरिंग बदललं, घूंऽऽ गेलं. दांडा दातांत धरतानाचा व्हिडिओ मी काढलाच होता. रात्री टाकला. वर लिहिलं, 'आमच्या मेकॅनिकने गाडी चाखून पाहिली. मीठ कमी आहे म्हणाले.' इथवर एक वेळ ठीक होतं. लोक हसले. मग खाली कुणीतरी विचारलं, "दातांनी का? कानांनी ऐकू येत नाही का?"

मी उत्तर दिलं. अर्ध्या मिनिटात.

"कान रिटायर झाले, दात अजून ड्यूटीवर आहेत."

इतके लाइक्स मला आयुष्यात कुठल्या लेखाला मिळाले नाहीत.

वचन आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. पण वाक्य फार चांगलं जमलं होतं.

आठवड्याभरात पोरं मोबाइल घेऊन गॅरेजसमोर. "चाचा, गाडी चाखा ना!" टेम्पोवाले पुढच्या गॅरेजला जाऊ लागले. चाकणला माल नेणारं एक जुनं गिऱ्हाईक रफिकला म्हणालं, "राव, बहिऱ्याला काय आवाज दाखवायचा?" मी पोस्ट उडवली, तोवर स्क्रीनशॉट तळवड्यापर्यंत पोचले होते.

चाचांनी गॅरेजवर यायचं बंद केलं. पाठोपाठ रफिकने शटर ओढलं आणि कंपनीत शिफ्टला लागला.

मला म्हणाला, "अब्बांनी वाचलं ताई. तुम्ही लिहिता चांगलं."

एवढंच.

माफी मागायला घरी गेले. चाचांनी बसवलं, चहा मागवला. माझ्या गाडीचं काढलेलं बेअरिंग त्यांनी जपून ठेवलं होतं. ते आणायला उठले, कपाटाकडे वळले, आणि त्यांची पाठ माझ्याकडे झाल्यावर मी म्हणाले, "चाचा, चुकलं माझं."

मुद्दाम तेव्हाच.

ते वळले. "तोंड हललं तुमचं. काय म्हनालात?"

"चहा छान झालाय म्हटलं."

बराच वेळ ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग बेअरिंग माझ्या हातात दिलं. "नख फिरवा आतनं. खरखर लागली? तीच घुमत हुती."

लागली. अजून लागते. ते बेअरिंग माझ्या लिहायच्या टेबलावर आहे, आणि आलेल्या लोकांना मी ते पेपरवेट आहे असं सांगते.

काल त्याच गाडीने त्यांच्या घरी गेले. रफिक दारात पाठमोरा उभा होता, मी शेजारी येईपर्यंत त्याला कळलंच नाही. म्हणाला, "ताई, गाडी आल्याचा आवाजच नाही आला." मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो आत गेला.

गाडीत आहे ते चाचांनी स्वतः बसवलेलं शेवटचं बेअरिंग. बहिऱ्या माणसाने. वाकडला जमलं नव्हतं ते.

खाली कुणी दातांवर विनोद करू नका. त्यातला सगळ्यात चांगला मी करून बसलेय. आणि तो स्क्रीनशॉट कुणाकडे अजून असेल तर कृपा करून उडवा.

त्या दिवशी तुमच्या पाठीला म्हणाले होते, चाचा. आज इथे, सगळ्यांच्या तोंडावर म्हणते, कारण बोलले होते ते इथेच.

चुकलं माझं.

या चाचा. निरोप देते.

तुमची बेबीताई