निळ्या जोडीचं हिरवं पिल्लू

आमची आत्या जुने कपडे मापात बसवून देते. पँटची कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं आणि "सुटलायत हो तुम्ही" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणं, ही तिन्ही कामं ती सारखीच मन लावून करते. दुकानामागच्या खोलीत तिचे छोटे पोपट असतात. सहा वर्षं जोड्या जुळवून तिने एक राखट निळा रंग काढला होता, धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा. तसा पक्षी आसपास कुणाकडेच नव्हता.

पित्ताशयातले खडे काढायला ती बारा दिवस दवाखान्यात होती, तेव्हा पिंजऱ्यांची किल्ली धाकट्या दिराकडे दिली. त्याला घरात सगळे साहेब म्हणतात. तो कुठल्याही ऑफिसात साहेब नाही, पण चालतो तसा. आत्या परतली तर निळी जोडी आणि तिची तीन पिल्लं गायब.

"वहिनी, हवा बाधली त्यांना," साहेब मान पाडून म्हणाले.

महिन्याभरात साहेबांच्या गॅलरीत पाच राखट निळे पोपट किलबिलू लागले. आत्याने त्यांच्या पायात घातलेल्या खुणेच्या कड्या कापलेल्या. "आपल्याकडचीच पैदास," साहेब येईल त्याला सांगत होते.

आत्या भांडली नाही. दुकानात येऊन कात्रीला धार लावत बसली. मी म्हटलं, "आत्या, कुणासाठी?"

"कापडासाठी रे. माणसाला कात्री कशाला लागते?"

पक्षीप्रेमी मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. त्यात आईबाप आणि तीन पिल्लं एका पिंजऱ्यात मांडायची. जिंकेल त्याच्या नावावर तो रंग मंडळाच्या वहीत कायमचा चढणार. साहेबांनी अर्ज भरलाय असं कळल्यावर आत्या स्वतःहून त्यांच्या घरी गेली.

"भाऊजी, पाचही निळे? नजर ठरत नाही हो. तुमच्या दुसऱ्या जोडीचं ते हिरवं पिल्लू आहे ना, ते एका निळ्या पिल्लाच्या जागी बसवा. मग बघा निळा कसा उठून दिसतो."

"तुम्ही मला मदत करताय?"

"बक्षिसाचा कप घरातच राहिला पाहिजे ना!"

साहेब खूश. परत येताना मी तिला विचारलं, "हे काय चाललंय?" मी दहावीत आनुवंशिकतेवर पाच मार्क मिळवलेला माणूस, पण ते मार्क पाठांतराचे होते.

"हे बघ," आत्या म्हणाली, "पिल्लाला रंगाचं एक जनुक आईकडून मिळतं, एक बापाकडून. हिरवं प्रभावी, निळं अप्रभावी. एक जरी हिरवं आलं की पक्षी हिरवा, मग निळं आत अस्तरासारखं दडून बसतं. असे दोन हिरवे जोडीला लावले तर एखादं पिल्लू निळं निघू शकतं. पण निळ्याची दोन्ही जनुकं निळीच. आत हिरवं असतं तर ते वरच दिसलं असतं."

"म्हणजे दोन निळ्यांना हिरवं पिल्लू..."

"जन्मात होत नाही. भाऊजींना वाटतं, रंग बादलीत कालवतात."

परीक्षक होत्या जीवशास्त्राच्या निवृत्त बाई. पिंजऱ्यासमोर त्या थबकल्या.

"तिन्ही पिल्लं या जोडीचीच?"

"माझ्या डोळ्यांदेखत अंड्यातून निघाली, बाई."

"हे हिरवंसुद्धा?"

"ते तर सगळ्यात आधी!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग यातलं कुणीतरी उसनं आहे. पिल्लू, नाहीतर आईबाप."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. आत्या खुर्चीवरून उठली.

"आईबाप, बाई. आणि ती दोन निळी पिल्लंही. पाचवं यांच्या गॅलरीत आहे. सगळी माझी."

धाकट्या जावेने, साहेबांच्या बायकोने, तिचा पदर ओढला. "ताई, घरातली गोष्ट आहे, घरी मिटवू."

"घरातलीच किल्ली होती ना गं ती?"

साहेब हळूच म्हणाले, "वहिनी, उद्या पाचही आणून देतो. आता बसा खाली."

"उद्या नाही, आत्ताच. हे चार पिंजऱ्यासकट हातात धरून माझ्या दुकानापर्यंत चालत न्यायचे, भर बाजारातून. त्याआधी तिकडे जाऊन सांगा." आत्याने स्टेजवरच्या माइककडे बोट दाखवलं.

साहेब गेले. माइक खरखरला. "हे पक्षी... आमच्या वहिनींचे आहेत."

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, भाऊजी."

साहेबांनी पुन्हा सांगितलं. बाईंनी मंडळाची रंगांची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"आता अजून एकदा," आत्या म्हणाली, "आणि सावकाश. बाई लिहून घेतायत."