टाकीतला तिसरा भाग
आज चाकणला टायरच्या दुकानात रबराचा वास आला आणि पवनेकाठचं ते पंपहाऊस आठवलं. पाण्याखालच्या लांबलचक पाइपात अडकलेलं गोणपाट काढायला आम्ही दोघे पाणबुडे उतरलो होतो. पाठीवरच्या टाकीत दीडशेचं प्रेशर. वयाने मोठ्या जोडीदाराने आधीच बजावलं होतं, "पन्नास जायाला, पन्नास यायला, पन्नास राखून ठेवायचं. काटा शंभरवर आला की मागं फिरायचं." आत गढूळ अंधार, तोंडात रबराची नळी, कानात फक्त माझाच श्वास. गोणपाट निघतच आलं होतं, तेवढ्यात माझा अंधारात चमकणारा काटा शंभरवर आला. जोडीदाराने खांद्यावर थाप मारून हवा पुरेशी आहे का, असं खुणेने विचारलं. मी काटा तळव्याखाली झाकला, 'ठीक' म्हणून उलट थाप मारली आणि बराच वेळ ओढत राहिलो. गोणपाट सुटलं, पण परतताना, पाइपाचं तोंड यायच्या आतच, मला हवा येईना. मी त्याचा दंड गच्च धरला. त्याने स्वतःच्या तोंडातली नळी काढून माझ्या तोंडात घातली. आळीपाळीने श्वास घेत आम्ही कसेबसे बाहेर आलो. काठावर धापा टाकत मी म्हणालो, "चुकलो भाऊ. आज माझा जीव गेला असता." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या जिवाचं सोड. तुझ्या टाकीतला शेवटचा भाग माझा हुता. मी अडकलो असतो तर?" आज टायर बसवून झाला, तरी माझा तळवा घट्ट मिटलेलाच होता.