गरम खुर्ची

आजा कुठल्याही खुर्चीत बसायच्या आधी बैठकीवर तळहात ठेवून बघायचा. गरम लागली की उभाच राहायचा. "नुकतं कुणी उठलंय. निवू दे," म्हणायचा. इथे हॉलंडात, झूटरमेर गावी आमच्या वस्तीत म्हातारे सकाळी कॉफीला जमतात, तिथे सगळे त्याला हसायचे. तो हसायचा नाही.

आजा सुरिनामचा. तिकडचे हिंदुस्तानी आजोबाला आजाच म्हणतात, आपल्यासारखं, म्हणून वस्तीत सगळ्यांचाच तो आजा. त्याच्या पणजोबाला बिहारातून जहाजात घालून डचांच्या उसाच्या मळ्यावर नेलेलं. "इंग्रजाने आम्हाला डचाला उसनं दिलं आणि परत मागायचं विसरला," असं सांगायचा. इथे आल्यापासून म्हातारा होईपर्यंत त्याने हेगमध्ये ट्राम चालवली. मी सातवी शिकलेला, हॉटेलच्या भटारखान्यात जन्म गेलेला. तो त्याच्या जुन्या हिंदीत बोलायचा, मी माझ्या मोडक्या. भागत होतं.

त्याचा विषय एकच, अमेरिका. फिलिपिन्समधून स्पेन उठला आणि त्याच खुर्चीत अमेरिका बसली. पोर्तो रिकोतही तेच. "खुर्ची निवूसुद्धा दिली नाही, भाई." साखरेच्या पुड्या टेबलावर मांडून बेटं दाखवायचा आणि शेवटी तीच साखर कॉफीत घालून पिऊन टाकायचा. ग्रीनलंड हवं म्हणून अमेरिकेने धोशा लावला, तेव्हा तर मी कोट काढायच्या आधीच तो सुरू व्हायचा.

त्याच्यासमोर यान बसायचा, निवृत्त डच मास्तर. आजा दर वेळी बरोबर असायचा असं नाही. हवाई बेटंही स्पेनचीच होती म्हणून एकदा भांडला. तिथे त्यांचा स्वतःचा राजा होता, हे यानने मोबाइलवर दाखवलं. आजा म्हणाला, "मोबाइल कुणाचा? अमेरिकेचाच ना."

एकदा मात्र चिघळलं. यान म्हणाला, "अमेरिकेने फिलिपिन्समध्ये शाळा काढल्या, रस्ते बांधले."

"बंदरापर्यंत बांधले. माल न्यायला."

"मग आम्ही सुरिनाम सोडलं, तेव्हा तू आमच्यामागे इथे कशाला आलास?"

आजाने चमचा खाली ठेवला. "तुम्ही गेलात, पण चाव्या तुमच्या खिशात राहिल्या. त्या चाव्यांमागे आलो."

यान उठला. मला वाटलं, चालला हा कायमचा. तर तो तिघांसाठी कॉफी घेऊन आला, आणि इथल्या रीतीप्रमाणे एकेकच बिस्किट. आजा म्हणाला, "बघ भाई, राज्य गेलं तरी हात सैल झाला नाही." यानच आधी हसला.

माझी बायको गेली तेव्हा आजा घरी आला. सुनेने त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली. तिथे बसून ही भाजी निवडायची. आजाने बैठकीवर तळहात ठेवला आणि खाली जमिनीवर बसला. गुडघे गेलेले. उठवायला मी आणि मुलगा, दोघं लागलो.

तेव्हापासून त्या खुर्चीत मी कुणाला बसू दिलं नाही. मला तर ती रोज गरमच लागायची. सून म्हणाली, "बाबा, तिथे नातीचं अभ्यासाचं टेबल बसेल. उजेड चांगला आहे." मी तिला तोडूनच बोललो. वर्ष झालं तरी खुर्ची तशीच.

मग आजाची फुप्फुसं बिघडली. दवाखान्यात गेलो तेव्हा मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुझा शब्द पाळलाय. खुर्चीला कुणाला शिवू दिलं नाही, नातीलासुद्धा." वाटलं, खूश होईल. नळ्या लावलेल्या असूनही तो चिडला.

"उलटाच अर्थ घेतलास माझा. देशाची खुर्ची कधी रिकामी नसते, भाई. तिथली माणसं तिथेच असतात. म्हणून मी भांडतो. तुझ्या खुर्चीत आता कोणी नाही." नाकातली नळी त्याने सरळ केली. "पोरीला बसव."

आठवड्यात गेला. त्याला निरोप देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी कॉफीला आमच्या टेबलाशी फक्त यान आणि मी. यानने आजाच्या खुर्चीवर तळहात ठेवून बघितलं. मग कॉफी उभ्यानेच प्यायला.

घरी येऊन मी नातीला हाक मारली, खुर्ची दाखवली, म्हटलं, "बस." ती माझ्याकडे बघत बघत बसली आणि डचमध्ये म्हणाली, "आजोबा, गार आहे."

मी म्हटलं, "बस तू. होईल गरम."