नंदोईजी बसत नाहीत

इंदुरात उभ्यानं जेवढं खाल्लं जातं, त्यातला बराच मोठा हिस्सा एकट्या आमच्या नंदोईजींच्या पोटात गेला असावा. माझ्या नणंदेचे हे यजमान. घर मराठी असलं तरी इथल्या हिंदीच्या सवयीनं आम्ही सगळे त्यांना नंदोईजीच म्हणतो. वीज खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, बडा गणपतीजवळ राहतात आणि घराबाहेर कुठेही बसून खात नाहीत. "बसलं की कढई दिसत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. डोळ्यांसमोर जे तयार झालं नाही ते त्यांच्या लेखी कालचं. पोह्यांच्या ठेल्यावर गेले की वाफ येते त्या बाजूला जाऊन उभे राहतात आणि वरचे पोहे घेत नाहीत. मागून आलेली माणसं खाऊन, हात पुसून निघून जातात, हे आपले तिथेच. जिलबीवाल्याला सांगतात, "ये घाना जाने दो भिया, अगला देना." पुढचा घाणा आला की त्यालाही नीट न्याहाळतात, आणि मन भरलं तरच द्रोण पुढे करतात.

पंगतींच्या काळात त्यांचे फार हाल व्हायचे. जावई म्हणून चांदीच्या ताटावर बसवायला लोक हात धरून न्यायचे आणि हे हात सोडवून वाढायला लागायचे. माझ्या लग्नात त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडून सगळ्या पंगती वाढल्या. माझे वडील गहिवरले. "असा निगर्वी जावई पाहिला नाही," हे ते पुढे कैक वर्षं सांगत होते. प्रत्यक्षात प्रत्येक पंगतीच्या मध्ये नंदोईजी आचाऱ्याजवळ उभे राहून गरम भजी खात होते, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. वडिलांना मी काही बोलले नाही. पुढे बुफे आला तेव्हा, "आता कुठे लग्नं सुधारली," असं नंदोईजी समाधानानं म्हणाले. एकदा माझ्या यजमानांच्या बढतीचं जेवण एका मोठ्या हॉटेलात होतं. तिथे हे झुलतं दार ढकलून थेट स्वयंपाकघरात शिरले. हात मागे बांधून त्यांनी पातेल्यांची पाहणी सुरू केली तेव्हा मॅनेजरला वाटलं, तपासणीचे साहेब आले. त्या दिवशी आम्हाला मिळालं तसं पनीर त्या हॉटेलात पुन्हा कधी मिळालं नाही.

आम्हाला याची गंमत वाटायची. वन्संना किती वाटत असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता. त्यांची साठी जवळ आली तेव्हा मी सरळ विचारलं, "वन्सं, साडी घेऊ की चांदीचं काही?"

"काही नको. मला यांच्यासमोर बसून जेवायचंय," त्या म्हणाल्या. "टेबलाशी. वेटर येऊन विचारतो ना, तसं."

"म्हणजे इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"कसं असणार? बाहेर ते उभे, म्हणून मीही उभी. घरी ते बसतात, पण तेव्हा मी पोळ्या करत असते. पहिली गरम पोळी त्यांची, शेवटची गार माझी."

त्यांनी हे दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. मला रडारड जमत नाही, व्यवस्था जमते. पलासियातल्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिच्या शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक छोटंसं सुशीचं दुकान निघालं होतं. जपानी पद्धतीचं म्हणायचं, पण बेत इंदुरी: काकडी, गाजर, पनीर, आणि मासळीचं नावही नाही. मी एकदोनदा जिन्याखालूनच पार्सल घेतलं होतं. मी वन्संना म्हटलं, "तिथलं सगळं गार असतं. ना कढई, ना तवा, ना वाफ. बघायला उठतील कशासाठी?" वन्संना ते पटलं. मी कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवलं आणि नंदोईजींकडून, निदान त्या दिवशी बसण्याचा, शब्द घेतला.

वन्संनी मोरपंखी साडी नेसली होती. नंदोईजी इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला कापडी पिशवी लावून आले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे वन्संसमोर बसले. वेटर आला. त्यानं वन्संना विचारलं, "मैम, क्या लेंगी?" वन्सं नुसत्या हसल्या. त्यांनी मेन्यू उघडला, आणि तेवढ्यात नंदोईजींची मान वळली.

दुकानाच्या मध्यभागी लाकडी काउंटर होता. त्यामागे एक तिशीचा माणूस बांबूच्या चटईवर काळा कागद पसरून, त्यावर भात थापून, सगळ्यांच्या देखत सुशी वळत होता. जिन्याखालून पार्सल घेणाऱ्या बाईला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"वहिनी, हा तर समोरच करतोय," नंदोईजी म्हणाले आणि उठले. खुर्चीवर पिशवी राहिली.

मग तिकडून आवाज येऊ लागले. "भिया, ये काला क्या है?" "समुंदर की पत्ती है अंकल." "और चावल कब का?" "अभी का है, हाथ लगाके देख लो." स्टुलांवर बसलेल्या कॉलेजच्या मुलींचे नंबर ते लावू लागले. "पहले इनको दो, ये पहले आई हैं." सोबतचं गुलाबी आलं त्यांनी शेवेसारखं दोनदा वरून मागून घेतलं, आणि खिशातून पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची पुडी काढून कारागिराला चाखायला दिली. तो खूश. म्हणाला, "अंकल, ये तो मेयो में डालूंगा मैं." इकडे आमच्या टेबलावर लाकडी पाटावर मांडलेली सुशी आली. वन्सं त्या पिशवीकडे बघत बसल्या होत्या.

मी तावातावानं काउंटरपाशी गेले. "नंदोईजी, शब्द दिला होता तुम्ही. आज वन्संचा वाढदिवस आहे."

"म्हणून तर म्हणतो, तिलाही इकडे बोलवा. तिथे गार होतंय."

"ते गारच असतं!"

"पण हे आत्ताचं आहे ना," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

मी मागे वळले तर वन्सं स्वतःच उठून आल्या होत्या, हातात आपली पर्स आणि नंदोईजींची पिशवी घेऊन. काउंटरचे स्टूल उंच होते. साडी सावरत त्या चढू लागल्या, तेव्हा नंदोईजींनी कारागिराच्या सुरीवरची नजर न हलवता आपला डावा हात मागे केला. तो धरून त्या वर बसल्या. त्या उंच स्टुलावर आणि हे उभे, त्यामुळे दोघांची डोकी अगदी एका पातळीत आली. वन्संनी स्टूल गर्रकन त्यांच्याकडे वळवलं.

"अहो, इकडे बघा."

"काय झालं?"

"काही नाही. बघा नुसतं."

त्यांनी पाहिलं. बरंच पाहिलं, असं मला वाटलं, पण मी तेवढ्यात बिल मागायला वळले होते. कारागिरानं नवी गुंडाळी कापली. नंदोईजींनी पहिला तुकडा उचलला, आणि तो स्वतःच्या तोंडाकडे न नेता वन्संच्या पुढ्यात ठेवला. "तू घे आधी. आत्ताचा आहे." पोळ्यांचं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर कधी गेलं होतं का, ते मला माहीत नाही. मी तर सांगितलं नव्हतं.

ते दुकान फार चाललं नाही. आता तिथे कोचिंग क्लास आहे. नंदोईजींचे गुडघेही गेले आणि डॉक्टरांनी उभं राहणं बंद केलं. आता रविवारी सकाळी पोहेवाला त्यांच्यासाठी ठेल्यापासून जरा लांब, सावलीत, प्लास्टिकची एक खुर्ची टाकतो. ते तिथे हातात काठी घेऊन बसतात, आणि कढईपाशी वन्सं उभ्या असतात. परवा मीही बरोबर होते. वन्संनी जिलबीचा द्रोण आणून त्यांच्या हातात दिला.

"कोणत्या घाण्याची?" त्यांनी विचारलं.

"आत्ताची," वन्सं म्हणाल्या.

ती आत्ताची नव्हती. परातीत बराच वेळ पडलेली होती. नवा घाणा अजून तेलात होता आणि वन्संना घाई होती, ते मी पाहिलं. नंदोईजींनी मान उंच करून कढईकडे बघण्याचा प्रयत्न केला, पण मध्ये माणसं होती. मग त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

"गरम आहे," ते म्हणाले.